बरणीतलं वाळवंट

उंट सरांना उंट सर का म्हणतात, याची दोन कारणं आहेत. एक त्यांची मान आणि दुसरं त्यांचं वाळवंट. मान आईवडिलांकडून आलेली, तिच्यात सरांचा काही दोष नाही. वाळवंट मात्र त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलेलं, आणि तेही वर्गाबाहेर पाऊल न टाकता. सगळी गोम तिथेच आहे.

सर भूगोलाचे. चौतीस वर्षं एकाच शाळेत, एकाच फळ्यावर त्यांनी रोज पृथ्वी काढली आणि रोज पुसली. निवृत्त होऊन दोन महिने झालेत. तेव्हापासून सकाळी खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं हवामान वाचतात. आपल्या गावचं खिडकीतून दिसतंच, म्हणून फक्त परगावचं. अशाच एका सकाळी फोन वाजला.

"सर, मी कशावरून बोलतेय."

हे काही तिचं खरं नाव नव्हे. वीस वर्षांपूर्वी ती आठवीत तिसऱ्या बाकावर बसायची आणि काहीही सांगितलं तरी हात वर करून विचारायची, "सर, कशावरून?" पृथ्वी गोल आहे. कशावरून? नदी डोंगरात उगम पावते. कशावरून? बाकीचे शिक्षक तिला "बस खाली" म्हणत. सर म्हणत, "थांब, बघून सांगतो," आणि खरोखरच बघून सांगत. पुढे पुढे हजेरी घेतानाही त्यांच्या तोंडून तेच नाव यायला लागलं आणि तीही बिनतक्रार "हजर" म्हणायला लागली. आता ती अरबी किनाऱ्यावरच्या एका वाळवंटी देशात होती. वाळू, खडी, सिमेंट तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं नोकरी करत होती.

"सर, सुटलात ना शाळेतून? मग या आता इकडे. काकूंनाही आणा. हिवाळ्यात दहा दिवस, राहायचं माझ्याकडे. आणि ती जागा मला दाखवायची."

"कुठली जागा?"

"तुम्ही वाळू उचललीत ती. बरणीतली. बरणी पण घेऊन या, मला परत एकदा बघायचीय."

सर म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "बघू." मग फोन ठेवून त्यांनी समोरच्या कपाटाकडे पाहिलं. काचेआड बरणी उभी होती. शाळेच्या प्रयोगशाळेतली, जाड काचेची, बुचाची. निरोप समारंभात मुख्याध्यापिकांनी ती त्यांना सगळ्यांसमोर दिली होती. "सरांची ठेव सरांना परत," असं त्या म्हणाल्या होत्या आणि सबंध शाळेने टाळ्या वाजवल्या होत्या. बरणीवर सरांच्याच तरुणपणीच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: वाळवंटी वाळू. अरबी किनारा. प्रत्यक्ष संग्रह.

आत वाळू होती, यात वाद नाही. बाकी चिठ्ठीतला एकही शब्द खरा नव्हता.

झालं होतं ते असं. सर नोकरीला लागले तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि मान तेव्हाही एवढीच होती. पहिल्याच महिन्यात उष्ण वाळवंटाचा धडा आला. साठ मुलांचा वर्ग, निम्मी खिडकीबाहेर बघतायत, निम्मी एकमेकांना चिमटे काढतायत. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, तुम्ही पाहिलंय वाळवंट?" "नाही" हा शब्द सरांच्या घशापर्यंत आला होता. पण मान लांब असल्यामुळे घशापासून तोंडापर्यंतचं अंतर जास्त, असं ते स्वतःच सांगतात. तेवढ्या वेळात "हो तर" पुढे निघून गेलं.

वर्ग एकदम गप्प झाला. नव्या मास्तरला एवढी शांतता मिळण्याची ती पहिलीच वेळ. ती टिकवायला मग काय काय करावं लागलं. पाय भाजतात का? तव्यावर ठेवल्यासारखे. उंट चावतो का? ओळख नसेल तर. तुम्ही गेलात कसे? एक मामा जहाजावर होते, त्यांच्याबरोबर. सरांना मामा नव्हता. त्यांच्या आईला सहा बहिणीच होत्या. पण त्या तासाला हा मामा जन्माला आला, जहाजावर चढला आणि पुढे चौतीस वर्षं काही उतरला नाही.

पुढच्या वर्षीची मुलं आधीच ऐकून आली. "सर, ते मामांचं सांगा ना." आता काय सांगणार, मामा वारले? असं दरवर्षी. खोटं दरवर्षी पास होऊन वरच्या वर्गात जात राहिलं, सर मात्र आठवीतच राहिले. तिसऱ्या वर्षी शाळा तपासायला साहेब येणार म्हणून शैक्षणिक साधनं मांडायची निघाली. शाळेसमोर एक इमारत उठत होती, तिच्या वाळूचा ढीग रस्त्यापर्यंत आला होता. सरांनी संध्याकाळी दोन ओंजळी वाळू आणली, चाळली, खडे काढले, बरणी भरली आणि चिठ्ठी डकवली. साहेबांनी बरणी उन्हात धरून पाहिली. म्हणाले, "वा. रंगच सांगतो."

त्याच वर्षी तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी सरांचं लग्न जमवलं. "मुलगा परदेश पाहून आलाय," असं त्यांनी मुलीच्या वडिलांना सांगितलं. सर तेव्हा चहा पीत होते. कप तोंडाला असताना माणूस काय बोलणार, हा बचाव त्यांनी पुढे स्वतःपाशी पुष्कळदा मांडला आणि दर वेळी स्वतःच फेटाळून लावला.

गंमत म्हणून हे सगळं खपूनही गेलं असतं. पण एका मुलीने ती बरणी फारच मनावर घेतली. कशावरून शाळा सुटल्यावर माती, खडक, वाळू यांच्या मागे लागली, त्यातच शिकली आणि नोकरीला इतके देश पडलेले असताना नेमकी तिकडेच गेली. जाताना तिने सरांना पत्र लिहिलं होतं, "तुम्ही पाहिलेलं वाळवंट बघायला चाललेय." ते पत्र सरांनी नकाशांच्या वहीत जपून ठेवलं होतं. चौतीस वर्षांत आपल्या हातून नीट वाढलेलं एकच झाड, आणि तेही त्या चोरलेल्या ढिगावर. ढीग हलला तर झाड राहील का, एवढाच सरांपुढे प्रश्न होता. बाकीचे हसले तर हसोत. हसण्यासारखी मान त्यांच्याकडे होतीच.

आता सरांनी तेव्हाच सरळ तिला सांगून टाकायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. सरही तेच म्हणत होते. पण फोन ठेवून ते वळेपर्यंत वहिनी दारात उभ्या.

सरांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बातमी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जोडून देणं हा त्यांचा धंदाच. "कशावरूनने बोलावलंय" एवढं त्यांनी सरांकडून घेतलं आणि दुपारपर्यंत चारही मजले जोडून दिले. तिसऱ्या दिवशी दहा जण तयार झाले. सर-वहिनी कशावरूनकडे, बाकीचे तिच्या घराजवळच्या हॉटेलात. इमारतीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर सभा बोलावली. सेक्रेटरी कचेरीतल्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त झालेले. लिहून ठेवल्याशिवाय त्यांना शिंकही आली नाही कधी.

"आपल्यात अनुभवी माणूस एकच," ते रजिस्टर उघडत म्हणाले. "तेव्हा सहलीचे प्रमुख सर. कोणाची हरकत?"

हरकत एकट्या सरांची होती, पण ती सांगायची कशी?

"सर, तिकडे प्लगला पिना दोन की तीन?" तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"मी गेलो तेव्हा," सर म्हणाले, "दिवे होते. पिनांचं लक्षात नाही."

"पिना अनिश्चित," सेक्रेटरींनी लिहिलं. "रात्री थंडी पडते?"

इथे सरांच्या पायाखाली जमीन आली. "दैनिक तापमान कक्षा मोठी," ते मान उंचावून म्हणाले. "दिवसा होरपळ, रात्री कडाका."

सेक्रेटरींनी त्याखाली दोन रेघा मारल्या. आठवड्याभरात लोकरीच्या दहा टोप्या आल्या, कानांवरून खाली ओढता येणाऱ्या. त्यातली एक हे लिहिणाऱ्याच्या कपाटात आहे. तेव्हा हसायचा हक्क फारसा कोणाला नाही.

"आणि फिरायचं कशाने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उंटाने," सर म्हणाले. चौतीस वर्षांची सवय, ते आपोआप निघालं.

"माझी कंबर आहे हो सर."

"दोन कुबडांच्या मध्ये नीट बसलं की कंबरेला काही होत नाही."

"पण तिकडच्या उंटाला एकच कुबड असतं असं तुम्हीच सांगता ना?" वहिनींनी मागून विचारलं.

सरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी गच्चीच्या कठड्यापलीकडे बघत होत्या. "एकाच्याही मध्ये बसता येतं," सर म्हणाले. सेक्रेटरींनी तेही लिहिलं.

त्या दिवसापासून सरांचा अभ्यास सुरू झाला. पण आपण पाहून आलेल्या देशाचा अभ्यास करताना माणूस सापडला तर काय उत्तर देणार? म्हणून ते मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जात, कडी लावत आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसत. तिकडचे व्हिडिओ बघून त्यांना घाम फुटला. सहा पदरी रस्ते, काचेच्या इमारती, दुकानांत एवढा गारवा की लोक अंगात स्वेटर घालून हिंडतायत. उंट एकदाच दिसला, तोही चष्म्याच्या जाहिरातीत. आपण साठ साठ मुलांना वर्षानुवर्षं जे वाळवंट दाखवलं ते कुठे गेलं, हे त्यांना कळेना. बहुतेक मामांनी जहाजावर घालून नेलं असावं.

"अहो," बाहेरून वहिनींचा आवाज आला. "पोट बरं आहे ना?"

"अभ्यास करतोय."

"बाथरूममध्ये?"

"शांतता असते."

दाराबाहेरून वहिनींची पावलं मात्र हलली नाहीत.

पुढची कल्पना सेक्रेटरींची. वाळूत चालायची सवय हवी, म्हणून सराव करायचा. इमारतीच्या मागे नवी इमारत बांधताहेत, तिथे वाळूचा भलाथोरला ढीग होता. रविवारी संध्याकाळी पाच वाजता दहा जण चपला हातात घेऊन रांगेत उभे राहिले. काहींनी सवय व्हावी म्हणून टोप्याही घातल्या होत्या. सर सगळ्यांच्या पुढे.

"टाच आधी टेकवायची नाही," सर सांगत होते. "पाऊल सपाट. श्वास नाकाने." आणि त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते गुडघ्यापर्यंत आत. दुसरं टाकलं तर पहिलं निघेना. डॉक्टरीणबाई त्यांच्या शर्टाला धरून चढायला गेल्या आणि दोघंही हळूहळू, काही घाई नसल्यासारखे, खाली सरकत आले.

"काय हरवलंय का?" मुकादम विटांच्या थप्पीमागून आला.

"सराव चाललाय," सेक्रेटरी म्हणाले. "वाळवंटात जायचंय."

मुकादमाने रांगेकडे आणि टोप्यांकडे पाहिलं. "ह्याच्यावर सराव करून काय उपयोग साहेब? मी सहा वर्षं होतो तिकडे कामाला. तिकडची वाळू निराळी." त्याने वाकून मूठभर वाळू उचलली आणि सरांच्या तळहातावर ठेवली. "दाबा. टोचते ना? हिला कोपरे आहेत. तिकडची वाऱ्याने घासून घासून गोल झालेली, मोहरीसारखी. मुठीत राहत नाही. सिमेंट धरत नाही तिला. बांधायला वाळू बाहेरून आणतात तिकडे."

"वाळवंटात बाहेरून वाळू?" डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. "सर, हे सांगितलं नाहीत तुम्ही."

"धड्यात नव्हतं," सर म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच खरं.

"लॅबवाले तर भिंगाखाली चार दाणे टाकून सांगतात, कुठली वाळू ते," मुकादम म्हणाला. "त्यांना फसवून दाखवा."

ढिगावर सर पुन्हा काही चढले नाहीत. कोपरे असलेली वाळू, चिठ्ठीवर "प्रत्यक्ष संग्रह" आणि समोर कशावरून, हातात भिंग. एकच प्रश्न विचारायची तिला सवय, आणि या वेळी तिला "थांब, बघून सांगतो" म्हणायचीही सोय नव्हती. ती स्वतःच बघणार होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेल्याबरोबर सरांनी बरणी कपाटातून काढली. काच फुटली, वाळू सांडली, केरात गेली, संपलं. प्रवासाच्या तयारीत अशा गोष्टी होतात. चेहरा कसा करायचा तोही त्यांनी आरशात करून पाहिला. मग बरणी छातीच्या उंचीवर धरली आणि डोळे मिटून सोडली. शाळेच्या प्रयोगशाळेतली काच ती, आठवीच्या मुलांना पुरून उरलेली. ती आधी सरांच्या अंगठ्यावर पडली, तिथून पायपुसण्यावर, आणि गडगडत दारात आलेल्या वहिनींच्या पायाशी जाऊन थांबली. बूचसुद्धा हललं नाही. वहिनी पिशवी विसरल्या होत्या म्हणून परत आल्या होत्या.

त्यांनी बरणी उचलली, पदराने पुसली, कपाटात ठेवली.

"फोडायची असेल तर फरशीवर टाकावी," त्या म्हणाल्या. "पायपुसण्यावर काय फुटणार?"

"निसटली," सर अंगठा धरून म्हणाले.

"तीस वर्षं हेडफोन लावून बसले मी," वहिनी पिशवी घेत म्हणाल्या. "लाइन चालू आहे आणि पलीकडचा माणूस बोलत नाहीये, हे मला न सांगता कळतं." आणि त्या बाजारात गेल्या.

सरांनी अंगठा बर्फात बुडवला. सांगू या, त्यांनी ठरवलं. वहिनी आल्या की सांगू. वहिनी आल्या, आणि सरांनी विचारलं, "चहा टाकू?"

असं करता करता फॉर्म भरायचा दिवस उजाडला. तिकीटवाल्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर निळ्या समुद्राचं पोस्टर. दहा माणसं आत गेल्यावर दार बंद होईना. तिकीटवाला तरुण, घाईतला. तो प्रत्येकाला एका सुरात प्रश्न विचारी आणि पटापट टाइप करी. नाव. जन्मतारीख. आजार. "याआधी त्या देशात गेला होतात का? हो की नाही?" डॉक्टरीणबाई, नाही. सेक्रेटरी, नाही. नाही, नाही, नाही. मग सर खुर्चीत बसले. सुजलेला अंगठा चपलेबाहेर.

"याआधी त्या देशात गेला होतात का? हो की नाही?"

"हो," सेक्रेटरी मागून म्हणाले. "लिहा, हो. आमचे प्रमुख आहेत ते."

"साल कोणतं? जुना पासपोर्ट आणलाय?"

"सर, साल सांगा," सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. त्यांनाही ते हवंच होतं.

सरांनी पोस्टरकडे पाहिलं. साल सांगणं अवघड नव्हतं, चौतीस वर्षं ते सांगत आले होते. पण आजवर त्यांचं खोटं फळ्यावर होतं, पुसता येत होतं. इथे ते यंत्रात जाणार, छापून येणार, खाली त्यांची सही होणार, आणि ते घेऊन ते त्या मुलीच्या दारात उभे राहणार. कशावरून, असं तिने विचारलं तर कागद दाखवायचा?

"नाही," सर म्हणाले.

"जुना पासपोर्ट नाही?"

"गेलोच नाही. कधीच."

तिकीटवाल्याने एक बटण दाबलं. "आजार?" त्याने विचारलं.

चौतीस वर्षांचं प्रकरण, त्याच्याकडे एका टिचकीत निकालात निघालं. मागे मात्र एवढी शांतता पसरली की पहिल्या वर्षीचा तो तास सरांना आठवला. सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं. सर उठले आणि खुर्चीत वहिनी बसल्या.

"याआधी त्या देशात?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे कोणीच कुठे जात नाही."

परत येताना दहाही जण रस्त्याने एका रांगेत चालले होते. कोपऱ्यावर सेक्रेटरींना राहवेना. "एक विचारतो सर, रागावू नका. ते मामा?"

"मामा नाहीत मला."

"बरं," सेक्रेटरी म्हणाले. थोडं चालून पुन्हा थांबले. "मग टोप्यांचं काय करायचं?"

पुढचे तीन दिवस वहिनी घरात एक्स्चेंजमधल्या आवाजात बोलल्या. "जेवण वाढलेलं आहे. आपण यावं." "आपल्यासाठी दूधवाला आलेला आहे." चिडलेल्या बायकोला तोंड देता येतं, पण या आवाजाला काय करणार, त्याला आपण दिसतच नसतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर म्हणाले, "अगं, तुझ्या वडिलांना मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेव्हा मी चहा पीत होतो."

"माहितीये. मीच दिला होता," वहिनी आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "परदेशाला भुलले ते माझे बाबा. मला तेव्हाच वाटलं होतं, हा माणूस उन्हात फिरलेला दिसत नाही." मग त्यांचा आवाज जरा बसला. "पण एकतीस वर्षं, अहो. मी ऑफिसात सगळ्यांना सांगायचे. उंटावर कोणत्या बाजूने चढतात तेसुद्धा सांगायचे."

सरांनी मान जेवढी खाली जाईल तेवढी घातली.

वहिनींनी फोन उचलला, आकडे फिरवले, वाजू दिला आणि पलीकडून आवाज आल्यावर सरांच्या हातात दिला. "बोला," त्या म्हणाल्या. "लाइन जोडलेली आहे."

"सर? झाले फॉर्म?"

"कशावरून, ऐक. मी तिकडे कधी आलेलो नाही. ती वाळू शाळेसमोरच्या बांधकामावरची आहे."

सरांनी कपाटातल्या बरणीकडे पाहायचं टाळलं आणि आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मला माहितीये सर," ती म्हणाली. "आठवीत मी चिमूटभर पळवली होती तुमच्या बरणीतली. पेनाच्या टोपणात भरून. इकडे आले तेव्हा बरोबर आणली. पहिल्याच महिन्यात भिंगाखाली टाकली. एकूण एक दाण्याला कोपरे."

"नऊ वर्षं माहीत आहे तुला?"

"पहिली दोन वर्षं मी तुम्हाला फोन केला नाही, आठवतंय?"

"मला वाटलं, कामात असशील."

"रागात होते. तुम्ही कशावरून विचारायला शिकवलंत, आणि मी सगळ्यांना विचारलं. तुम्हालाच तेवढं विचारलं नाही. सर म्हणतायत म्हणजे असणार. त्याचा जास्त राग आला. माझाच."

सरांना काहीतरी बोलायचं होतं, पण पुन्हा ते घशापासून तोंडापर्यंतचं अंतर. या वेळी मध्येच काही घुसलं नाही, एवढं बरं झालं. "चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "मग बरणी आणायला का सांगितलीस?"

"आणता का ते बघायचं होतं."

"फोडणार होतो."

"कशावरून?"

"अंगठा सुजलाय."

पलीकडून पहिल्यांदा हसू ऐकू आलं, आधी दाबलेलं आणि मग न दाबता आलेलं. ते ओसरल्यावर ती म्हणाली, "या सर. खरंच या. मीच तुम्हाला दाखवते. बरणीही आणा, पण रिकामी करून."

सर त्याच संध्याकाळी बरणी घेऊन मागच्या ढिगाकडे गेले. मुकादमाने ओतायच्या आधी वाळू चिमटीत घेऊन पाहिली. "ही आमची नाही."

"दुसऱ्या एका बांधकामाची आहे. बरीच जुनी. परत करायची राहून गेली."

"चाळलेली दिसतेय. गिलाव्याला चालेल," मुकादम म्हणाला आणि त्याने ती घमेल्यात ओतून घेतली. सरांचं वाळवंट सध्या मागच्या इमारतीत पहिल्या जिन्याच्या डाव्या भिंतीला आहे. हात लावला तर टोचतं.

सहल मोडली वगैरे काही नाही. सभा पुन्हा बोलावली गेली. प्रमुखपदी वहिनी आल्या, आणि सरांकडे रांगेच्या शेवटी चालून माणसं मोजायचं काम आलं. दहापर्यंत सरांना येतं याची खात्री मतदानाने करून घेण्यात आली. मामांच्या स्मरणार्थ दोन मिनिटं उभं राहावं अशी सूचना डॉक्टरीणबाईंनी मांडली, तिला सरांनीच अनुमोदन दिलं. मग टोप्यांचा विषय निघाला. सेक्रेटरींनी ठराव लिहून आणलाच होता: सरांनी दहाही दिवस, भर दुपारी, कान झाकून, टोपी घालावी. एकमताने मंजूर. सर म्हणाले, मान उघडी राहतेय, तिचंही काहीतरी बघा.

काल वहिनी सामानाची यादी करत होत्या. औषधं, पासपोर्ट, चष्मा. बरणीवरची चिठ्ठी सरांनी पाण्यात भिजवून काढायला घेतली होती, पण जुना डिंक, निम्मीच निघाली. वरच्या दोन ओळी गेल्या, "प्रत्यक्ष संग्रह" तेवढं चिकटून राहिलं.

"नखाने काढू का?" सरांनी विचारलं.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "आधी जाऊन तर या." आणि त्यांनी यादीत लिहिलं, बरणी, रिकामी. त्याच्या खाली लिहिलं, टोपी, आणि त्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.